धोंडूकाकाचा बांध आणि यानसाहेबाचा डावा पाय

मी कर्जत सोडलं तेव्हा स्टेशनावर मला पोचवायला तिघं आले होते. आई, धाकटी बहीण आणि आमचा कुत्रा. बाबा आले नव्हते, ते तिथंच होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जे इंजिन लावतात, ते जोडायचं त्यांचं काम. हात तेलानं काळे झालेले, म्हणून पाठीवर थापसुद्धा त्यांनी कोपरानं मारली.

"पुन्याला चालला असतास तर मागनं इंजिन लावून दिलं असतं," बाबा म्हणाले. "मुंबईला उतार हाय. आपसूक घरंगळत जाशील."

आई काही रडायची थांबेना. मग मी माझं एकुलतं एक हत्यार काढलं. पोट पुढं, मान मागं, आवाज नाकातून, आणि आमच्या शाळेचे हेडमास्तर फलाटावर हजर! "काय गं, रडतेस? अंगठे धर!" आई पदरात तोंड घालून हसायला लागली. बाबा नाही हसले.

"नकलांनी पोट नाय भरत, दाम्या. दिवाळीपत्तूर नोकरीत पक्का झालास तर तिथं र्‍हा. नायतर माघारी ये, लाइनीवर लावतो तुला. फावडं सांगून ठेवलंय."

गाडी हलली. ते फावडं माझ्या मागं मागं मुंबईपर्यंत आलं.

सुट्टीला आलो की तुम्ही गावची मंडळी विचारता ना, "लाथा मारायची नोकरी असती म्हंतात, खरं काय रं?" त्यासाठी हे लिहितोय. आणि जे माझ्यासारखे कर्जत-खालापूर सोडून गेलेत, त्यांनी वाचून मान हलवावी म्हणूनही.

तर झालं असं. माझा खालापूरचा मामा मुंबईच्या गोदीत फिटर. त्यानं कळवलं की इथल्या वर्कशॉपच्या साहेबाला फुटबॉलसाठी बॅक पाहिजे, दाम्याला पाठवा. बाबांनी विचारलं, बॅक म्हणजे काय. मी म्हटलं, सगळ्यांच्या मागं उभं राहायचं. "मागंच ना? मग घरातलंच काम हाय," म्हणाले, आणि परवानगी मिळाली.

साहेब निघाला हॉलंडचा! आम्हाला शाळेत इतिहासात वलंदेज होते, म्हणजे हेच हॉलंडचे डच. वखार घातली, मिरी नेली, धडा संपला. मला वाटायचं ते सगळे तेव्हाच मेले. आणि इथं एक सहा फुटी जिवंत वलंदेज खाकी चड्डी घालून माझ्या पायांकडं बघत उभा.

"बूट?" त्यानं विचारलं.

"नाय," मी म्हटलं.

त्यानं खाली वाकून माझ्या तळव्यावर बोटानं टकटक केलं, दारावर करतात तशी. भात कापल्यावर धसकटांत खेळून खेळून माझे पाय म्हणजे म्हशीचे खूर. "बूट है," साहेब म्हणाला.

नाव यान. आम्ही यानसाहेब म्हणायचो. त्याच्या गावात तो नावाजलेला बॅक होता. सोळाव्या वर्षी संघात आला, पुढं कप्तान झाला, एक दिवस डावा गुडघा गेला आणि खेळच संपला. मग आगबोटीवर इंजिनियर झाला. आगबोट दुरुस्तीला मुंबईला लागली आणि तिकडं लढाईत जर्मन त्याच्या देशात घुसले. बायको, पोरगी तिकडं, हा इकडं. कागदसुद्धा येत नव्हता. गोदीनं त्याला वर्कशॉपात ठेवून घेतलं, आणि त्यानं आम्हा अकरा जणांना धरलं. आमचा मॅनेजर तोच, शिट्टीवाला तोच, आयोडीनवाला तोच. मला घराची आठवण आली की मी निदान शनिवारची गाडी बघायचो. त्याला गाडीच नव्हती.

मुंबईत फुटबॉल पावसाळ्यात खेळतात, हे माझं नशीब. बाकीचे चिखलात घसरायचे. मी भाताची लावणी केलेला माणूस, चिखलात मला घरच्यासारखं. समोरून कोणी आला की बॉल काढलाच. पण एक भानगड होती. फॉरवर्ड बॉल घेऊन माझ्यापासून लांब पळाला, की मी चाळीसेक पावलांवर गप्पकन थांबायचो. कमरेवर हात ठेवून बघत राहायचो, बॉल कुठं जातो ते.

साहेब लंगडत आला. "वहाँ क्या है?"

खरं काय ते सांगितलं. "बांध."

"बांध? किधर?"

मैदान सपाट. बांध माझ्या डोक्यात होता. आमच्या खाचराच्या पुढं धोंडूकाकाचं खाचर, आणि त्याच्या बांधावर पाय ठेवला की तो इरलं टाकून धावत यायचा. "कुनाच्या बाचा बांध हाय रं?" बारा वर्षं तिथं खेळलो. पाय शिकून बसले होते. साहेबाला धोंडूकाका समजावताना माझं हिंदी संपलं. त्यानं नुसती मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. पक्क्या लोकांची यादी त्याच वहीत व्हायची. मला फावडं दिसायला लागलं.

अशात मी आणखी एक गाढवपणा केला. डबा खायच्या सुट्टीत पोरं म्हणाली, "दाम्या, साहेब कर की!" मला कोणी 'कर' म्हटलं की राहवत नाही. शिट्टी तोंडात धरल्यासारखे गाल फुगवले, एक पाय ओढत चाललो, "रन! रन! तुम लोग टेबल है? कुर्सी है?" पोरं लोळायला लागली. आणि मग एकेक करून उठून डबे झाकायला लागली. मामाचा चेहरा तर राखेसारखा.

साहेब मागं उभा होता.

मी मनातल्या मनात वळकटी बांधली. रात्रीची गाडी, पहाटे कर्जत, बाबांच्या हातात फावडं, आणि आई कुत्र्याला सांगतेय, "आला बग आपला फुटबॉल."

साहेब जवळ आला. "फिर करो," म्हणाला. "लेकिन लेफ्ट पाय. तुमने राइट किया. राइट एकदम अच्छा है मेरा."

मी पुन्हा करून दाखवलं, डावा पाय ओढून. त्यानं लक्ष देऊन पाहिलं. "गुडघा जास्ती कडक," म्हणाला. तिसऱ्यांदा केलं तेव्हा कुठं पास झालो. मग त्यानं आमच्या गोलीकडं बोट केलं. "अब उसका करो."

आमचा गोली बॉल यायच्या आधीच डोळे मिटायचा. साहेब महिनाभर ओरडत होता, गोली शपथ घेऊन नाही म्हणत होता. मी त्याची नक्कल केली. डोळे घट्ट, हात पुढं, जसं काही देवीसमोर उभा. गोली आधी चिडला, मग हसला, मग म्हणाला, "आयला, मी असा करतो?" दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे उघडे.

त्या दिवसापासून ते माझं काम झालं. साहेब ज्याला सांगेल त्याला मी त्याचाच आरसा दाखवायचो. लेफ्टविंगवाला धावताना बघणाऱ्यांकडं बघायचा, आमचा सेंटर पास देण्याआधी धोतर आवरायचा. एकेकाला करून दाखवलं. सगळे सुधारले. मी मोठा मास्तर झाल्यासारखा फिरायला लागलो.

एका संध्याकाळी साहेबानं शिट्टी मामाच्या हातात दिली आणि स्वतः मैदानात उतरला. धावत धावत चाळीस पावलं गेला, डावा पाय ओढत, आणि गप्पकन थांबला. कमरेवर हात. मान थोडी वाकडी. तोंड अर्धं उघडं. दुसऱ्याच्या भातात गेलेल्या बॉलकडं बघणारं कर्जतचं एक बावळट पोरगं. मी!

पोरं पोट धरून हसली. मामा तर खालीच बसला. मी पण हसलो, पण कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझी नक्कल झाली होती, आणि ती माझ्या नकलांपेक्षा चांगली होती.

तिथून साहेब ओरडला, "धोंडूकाका हॉलिडे पे है! आओ!"

हंगामाची शेवटची मॅच दुसऱ्या गोदीशी. हाफटाइमनंतर त्यांचा फॉरवर्ड बॉल घेऊन सुटला. मी पळालो. चाळीस पावलं झाली, पाय थांबायला लागले, आणि कडेवरून साहेबाचा आवाज आला, "हॉलिडे!" मी बांध ओलांडला. खरंच सांगतो, उडी मारून ओलांडला, सपाट मैदानात. बॉल काढून लेफ्टविंगला दिला. तो पठ्ठ्या एकदाही कोणाकडं न बघता पळाला आणि गोल झाला. बघणाऱ्यांना कळेना, हा बॅक मधेच उडी कशाला मारतो.

दिवाळीआधी पक्का झालो. घरी कार्ड टाकलं. बाबांचं उत्तर बहिणीच्या अक्षरात आलं, एकाच ओळीचं: "फावडं दुसऱ्याला दिलं."

लढाई संपली. साहेबाला कागद आला, बायको आणि पोरगी दोघी सुखरूप. त्या दिवशी त्यानं सगळ्या वर्कशॉपला जिलेबी दिली आणि स्वतः शिट्टी वाजवत फिरला. आम्हाला आनंद होता, पण जिलेबी खाता खाता साहेबाची बोट कधी सुटणार त्याचे दिवस मोजत होतो.

आगबोटीच्या शिडीवर चढण्याआधी त्यानं शिट्टी गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. "मॅनेजर," म्हणाला. मी म्हटलं, "माझे तर दोन्ही गुडघे चांगले आहेत!" तो म्हणाला, "खेलो भी. थोडा दिन. फिर गुडघा जाएगा." बोट सुटली तेव्हा काय करावं मला कळेना. मग धक्क्यावर लंगडत चाललो, बोटीच्या बरोबरीनं, गाल फुगवून. वरून हात हलताना दिसला, आणि मग त्यानं कठड्यावरून पाय वर करून दाखवला. डावा. मी घाईत उजवा ओढत होतो.

आता मी खेळतो कमी आणि ओरडतो जास्त. गेल्या माघात संघ घेऊन कर्जतला आलो होतो, रेल्वेच्या पोरांशी खेळायला, आपल्याच खाचरात. तुम्ही होताच. बाबा ड्यूटीवरून तेलकट हातांनी थेट आले आणि सगळ्यांच्या मागं उभे राहिले. बॉल उडून धोंडूकाकाच्या बाजूला गेला. माझा लेफ्टविंगवाला, मुंबईचा, सरळ त्याच्या मागं निघाला. आणि मी मॅनेजर, गळ्यात शिट्टी, अंगात हाफकोट, जिवाच्या आकांतानं ओरडलो, "थांब रं! बांध हाय!"

तो थांबला. सगळेच थांबले. माझे स्वतःचे पाय बांधाच्या बरोबर अलीकडं रुतले होते, कमरेवर हात, मान वाकडी.

पलीकडून धोंडूकाका बॉल काखेत घेऊन आला. म्हातारा झालाय, धावत नाही आता. "दाम्या," म्हणाला, "मोठा मॅनेजर झालास म्हंतात. मंग ये की इकडं."

मी काही गेलो नाही. मुंबईत मी कुठलाही बांध उडी मारून पार करतो. हा नाही होत, आणि व्हावा असं वाटतही नाही. मागून बाबांचं हसणं ऐकू आलं. फलाटावर राहून गेलेलं हसू आत्ता कुठं बाहेर पडलं होतं.

"टाका काका, इथनंच," मी म्हटलं. त्यानं बॉल टाकला, मी छातीवर घेतला, आणि शिट्टी वाजवली.