ब्रिटिश गाणी आणि दोन कुलकर्णी

माझी आणि माझ्या वडिलांची रीतसर ओळख मॅसॅच्युसेट्समधल्या एका चर्चमध्ये, ब्रिटिश लोकसंगीताच्या कार्यक्रमात, मध्यंतरात झाली. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो.

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. वैशालीला, म्हणजे बायकोलाही नाही. (ती हे वाचेल तेव्हा मी भाजी आणायला गेलेलो असेन.)

दोन हजार चारचा ऑक्टोबर होता. आई गेल्यावर नाना सांगलीत एकटे पडतील म्हणून मी त्यांना श्रूजबरीला आणलं, आणि इथे आणून एकटं पाडलं. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की घरात नाना आणि फ्रिज. फ्रिज निदान मधूनमधून आवाज तरी करायचा. नाना पोस्टमनला हात करायचे, पोस्टमन पत्रं टाकून गाडीत बसायचा. शेजाऱ्याच्या कुत्र्याशी त्यांचं जमत आलं होतं, तेवढ्यात शेजारी घर विकून टेक्ससला गेला. कुत्र्यासकट! एका सकाळी चहा पिताना नाना म्हणाले, "माझं परतीचं तिकीट जरा आधीचं मिळतं का बघ. घाई नाही. या आठवड्यातलं चालेल."

मी 'बघतो' म्हणालो आणि बघितलं नाही. शनिवारी वैशाली बहिणीकडे पिस्कॅटवेला गेली. जाताना बजावून गेली, की नुसतं मॉलमध्ये फिरवून आणू नकोस, नानांना माणसं भेटली पाहिजेत. आता माणसं हा माझा प्रांतच नव्हे. लिफ्टमध्ये कोणी असेल तर मी जिन्याने जातो. पण लायब्ररीत एक पोस्टर दिसलं होतं: एकाच संध्याकाळी ब्रिटिश लोकसंगीताच्या तीन छोट्या मैफली. आणि गाणं म्हणजे नानांचा जीव. सांगलीत मैफल कुणाचीही असो, नाना पहिल्या रांगेत. गवई समेवर आला की आधी नानांकडे बघायचा.

"ब्रिटिशांचं गाणं?" नाना गाडीत म्हणाले. "आमच्या वडिलांनी त्यांना घालवायला तुरुंग भोगला, आणि तू तिकीट काढून ऐकायला नेतोयस."

पहिली मैफल दाढीवाल्या चार जणांची होती. खलाशांची गाणी. एक जण ओळ म्हणायचा आणि सगळं सभागृह ती ओढायचं. नाना खूश झाले. हे तर आपलं भजन झालं म्हणाले, आणि शब्द न कळता मागून ओढायलाही लागले. मीही खूश झालो. माणूस खूश झाला की बेसावध होतो.

दुसऱ्या मैफलीला एक वृद्ध बाई खुर्चीत येऊन बसल्या. वाद्य नाही, माइक नाही. डोळे मिटून त्यांनी एक लांबलचक स्कॉटिश कथागीत सुरू केलं, ज्यात बहुतेक सगळे बुडून मरत होते. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. टाचणी नाही, नानांची दाद पडली.

"आहाहा!"

तीन रांगांतल्या माना वळल्या. पुढच्या कडव्याला नानांनी मांडीवर ताल धरला. त्याच्या पुढच्याला हात वर करून "क्या बात है" म्हणाले. चर्चचं छत उंच असतं, ते देवाच्या स्तुतीसाठी बांधलेलं असतं, आणि दाद दिली तरी तितकीच घुमते. मी त्यांच्या कानाशी लागलो. "नाना, इथे मध्ये बोलत नाहीत."

"मग तिला कळणार कसं," नाना म्हणाले, "आपण इथे आहोत ते?"

मी बाथरूमला जातो म्हणालो आणि गेलो. आणि येताना, आता सांगूनच टाकतो, शेवटच्या रांगेत खांबामागे जाऊन बसलो. पुढून "जियो!" ऐकू आलं तेव्हा शेजारच्या गृहस्थांकडे बघून मी खांदे उडवले. कोण माणूस आहे हा, अशा अर्थी.

मध्यंतर झालं. मी कॉफी घेऊन कुकीजच्या टेबलाशी उभा राहिलो, आणि बघतो तर नानांभोवती ही गर्दी! त्या गायिका नानांचे दोन्ही हात धरून उभ्या होत्या. इतकी वर्षं अंधारात गाते, म्हणत होत्या, आज पहिल्यांदा समोरून कोणी ओ दिली. नाना त्यांच्या कोर्टातल्या इंग्रजीत "माय प्लेझर, मॅडम" म्हणत होते. (ते कोर्टात हेडक्लार्क होते.) माझ्याशी मात्र कुणीच बोलत नव्हतं. एरवी मला हेच हवं असतं.

तेवढ्यात डॉरथी आल्या. दारावर मान वर न करता तिकिटं फाडणाऱ्या, लाल स्वेटरवाल्या. त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच आलात का? एकटेच?

खरं बोलायची संधी माणसाला मिळते ती अशीच, तोंडात कुकी असताना.

मी होकारार्थी मान हलवली. डॉरथींना माझी इतकी दया आली की त्यांनी माझा दंडच धरला. म्हणाल्या, तुमच्याच देशातले एक फार गोड गृहस्थ आलेत. बिचाऱ्यांचा मुलगा त्यांना बसवून कुठे निघून गेला कोण जाणे. चला, ओळख करून देते.

नानांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग हात जोडले.

"नमस्कार. मी कुलकर्णी. मूळचा सांगलीचा. आपण?"

"मी... मीपण कुलकर्णी."

"अरे वा. गाव?"

"सांगलीच."

डॉरथींनी गालांवर हात ठेवले. जग किती लहान आहे, म्हणाल्या.

"बसा की, कुलकर्णी," नाना म्हणाले. "ही खुर्ची रिकामीच आहे. मुलाची होती."

तिसरी मैफल घुंगरं बांधून, रुमाल उडवत नाचणाऱ्या इंग्रज म्हाताऱ्यांची होती. मला त्यातलं काही आठवत नाही. शेवटी डॉरथींना काळजी पडली, की आता यांना घरी कोण नेणार. मी सोडतो म्हणालो. त्यांनी माझ्या गाडीचा नंबर लिहून घेतला.

घराच्या निम्म्या रस्त्यापर्यंत नाना त्या बाईंचं गाणं गुणगुणत होते. मग म्हणाले, "कुलकर्णी, तुमचे वडील आहेत?"

"नाना, पुरे ना."

"आहेत का?"

"आहेत."

"काय करतात?"

सिग्नल लाल होता. "दिवसभर घरी असतात," मी म्हणालो. "एकटे."

"मग त्यांनाही आणा एकदा," नाना म्हणाले. पुढचा सिग्नलही लाल लागला. "आणि श्री, ते तिकिटाचं राहू दे. पुढच्या महिन्यात त्या बाईंनी मला गायला बोलावलंय."

पुढच्या महिन्यात नानांनी अभंग म्हटला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, चक्क मोठ्याने दाद देत होतो. सभागृहाने ओळ ओढली, चुकीची, पण जीव तोडून. शेजारी बसलेल्या डॉरथींनी डोळे पुसले आणि माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, "तुम्ही परके असून किती करता हो त्यांचं! नाहीतर तो मुलगा. आजसुद्धा आला नाही."

"असतात काही माणसं अशी," मी म्हणालो.