नानांची पहिली ओळ

फोन आबांचा होता. मी धुळ्याच्या स्टँडवर अमळनेरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, नानांनाच भेटायला निघालेलो. "आता सावकाश ये," एवढंच आबा म्हणाले... आणि मला कळलं.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, थोरले भाऊ. त्यांनी छापून आणलेल्या पत्रकांच्या घड्या घालताघालताच मी वाचायला शिकलो. मोर्च्यात लाठी खाऊन घरी हसत येणारा माणूस. जयंतीच्या आधी वस्तीची भिंत तेच रंगवत. शिडी चालायची नाही. "जे लिखानं ते पाय जमिनवर ठेईसन लिखानं," हा त्यांचा नियम. हात वर करून बोटं पोचतील तिथं पहिली ओळ.

पुढे पुढे ती ओळ खाली येऊ लागली. नव्या चुन्याखालून जुनी निळी अक्षरं डोकवायची आणि नवी त्यांच्या खाली बसायची. पोरं चिडवायची, "नाना, ओळ बसनी!" नाना कुंचला उगारत, "भिंत वाढी गयी रे, मी तोच शे!" सगळी वस्ती हसायची, मीही. पाठीचे मणके आतल्या आत चेपत चाललेत आणि ते आम्हाला भिंतीवर दिसतंय, हे कुणाच्या मनात येणार?

मग एकदा बादली उचलताना पाठीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, दम्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ झाली असतील; कॅल्शियम घ्या, पण हाडांची घनता तपासून या, पुढचं औषध त्यावर ठरेल. घरी येताच नानांनी गोळ्या काकूंपुढे सरकवल्या. "या तुन्या शेतस. हाडं बायास्नी झिजतस."

"आनि तुम्हनी काय लोखंडनी शेतस?" काकू म्हणाल्या.

मला आजही संताप येतो. आयुष्यभर समता लिहिणाऱ्या घरात हाडांची अशी वाटणी! दुखणं वाढलं तेव्हा नाना गोळ्या घेऊ लागले, पण तपासणीचं नाव काढलं की म्हणत, "कॅल्शियम चालू शे ना." औषधाच्या दुकानातली हसऱ्या म्हाताऱ्याची जाहिरातही तेच सांगत होती. गोळी वाईट नव्हे. ती एकटी पुरत नाही, आणि पुरते असं वाटणं घातक, एवढंच मी म्हणतो आहे.

नंतर नानांना भीतीनं धरलं. पोलिसांना न भिणारा माणूस ओल्या मोरीला भिऊ लागला. उंबरठ्याशी थबकायचा, भिंत चाचपत चालायचा, शेवटी खाटेवरून उठेचना. बसून बसून पायांतलं बळ गेलं, तशी भीती आणखी वाढली... आणि एका सकाळी उठतानाच खुब्याचं हाड गेलं. दवाखान्यात माझा हात घट्ट धरून म्हणाले, "मी पडनू नही रे. पहिले मोडनू, मंग पडनू." त्या डोळ्यांतली भीती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. ऑपरेशन झालं, पण छातीत कफ साठला आणि तिथून नाना परतले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी आबा नानांचा कुंचला घेऊन भिंतीपाशी गेले. म्हणाले, आता ही भिंत माझी. भावांमध्ये आबा पहिल्यापासून उंच. नाना त्यांना कौतुकानं ताडाचं झाड म्हणत. त्यांनी हात वर केला. मी बोटांकडे पाहत होतो. ती नानांच्या अगदी शेवटच्या, सगळ्यात खालच्या पहिल्या ओळीपाशी पोचली... आणि तिथंच थांबली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खांदा ताणला. मग हळूच टाचा उचलल्या.

"टाचा टेका, आबा," मी म्हणालो. "कुंचला द्या इकडं. आधी धुळ्याला जाऊन तपासणी करू."

ते हलले नाहीत. हात तसाच वर, निळी अक्षरं बोटांच्या वर, आणि टाचा अजून उचललेल्याच.