दुसऱ्या पाटलांची शोकसभा

चहा घ्या आधी. गेल्या महिन्यात मी जी माती खाल्ली, ती ऐकताना तो थंड होईल. हसू आलं तर हसा, मी रागावणार नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी आयुष्यभर दुष्ट माणसाचा आवाज काढला. परदेशी कार्टून यायची ना पूर्वी टीव्हीवर, रविवारी सकाळी, आपल्या भाषेत डब केलेली? त्यातला डॉक्टर गरळ मी. शहरं वितळवणारा. आणि त्याचे डाव हाणून पाडणारा वादळवीर म्हणजे आमचा पाटील. साताऱ्याचा किडकिडीत माणूस, जिना चढताना धापा टाकायचा, पण माइकसमोर उभा राहिला की डोंगर उचलायचा.

बरीच वर्षं आम्ही स्टुडिओतल्या एका काचेच्या खोलीत भांडलो. बाहेर कुणी विचारलं की मी सांगायचो, "मी पाटलाचा शत्रू." तोही तेच सांगायचा.

तर पाटील गेला. बेलापूरला त्याच्या घराजवळच्या हॉलमध्ये शोकसभा होती. नेमकं आदल्या दिवशी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. बायको म्हणाली, "डोळ्याला काळा चष्मा, समोरचं धड दिसत नाही, कुठे निघालात?" म्हटलं, पाटलाला शेवटचे दोन शब्द मी नाही बोलणार तर कोण बोलणार?

रिक्षावाल्याला सांगितलं, "पाटलांची शोकसभा." त्यानं एका दारापाशी उतरवलं. आत गर्दी, उदबत्तीचा वास, समोर हारांनी झाकून गेलेला फोटो. आता त्या भागात एकाच दिवशी दोन पाटलांच्या शोकसभा असतील, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

एका तरुण पोरानं वाकून विचारलं, "काका, तुमी त्यांचे कोन?"

सवयीनं बोलून गेलो, "शत्रू."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. मग मागे जाऊन कुणाच्या तरी कानाला लागला. थोड्या वेळानं एका म्हाताऱ्यानं माझा दंड धरला आणि मला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. हळूच म्हणाला, "आलास, बरा केलास. बोल आता. मन मोकला कर."

मला वाटलं, पाटलाचे सासरे असतील.

उभा राहिलो. म्हटलं, "मी या माणसाला बुडवला. जाळला. कड्यावरून ढकलून दिला. एकदा नाही, कितीदा तरी. आणि प्रत्येक वेळी तो उठून आला आणि मला म्हणाला, अजून सुधारला नाहीस का रे? या वेळी मी काहीच केलं नव्हतं. या वेळी तो उठला नाही."

मी हारांतल्या फोटोकडे हात केला.

"लोक म्हणायचे, तो चांगला आणि मी वाईट. म्हणू देत. पण तो होता म्हणून मी होतो. आता मी भांडू कुणाशी?"

एवढं बोललो आणि रडलो. खाली बसलो. शेजारी एक बाई येऊन बसली आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. पाटलाची बायको, सुलभावहिनी, असं मी धरून चाललो. आवाजावर पोट भरलेला माणूस मी. पण रडून बसलेला आवाज कुणाचाही सारखाच लागतो हो.

"शेवटपर्यंत वाट बघत होते हे तुमची," ती म्हणाली.

"चुकलं माझं, वहिनी. यायला हवं होतं मी आधी."

"चुकला दोघांचाही, बालाराम भावजी. आता तो जागेचा दावा तेवढा मागं घ्या."

"कसला दावा?"

मी चष्मा वर केला. डोळे बारीक करून फोटो पाहिला. भरघोस मिशांचा, गळ्यात साखळी घातलेला दांडगा माणूस. आमच्या पाटलाला उभ्या जन्मात एवढी मिशी आली नसती. हे होते शेजारच्या गावातले पाटील, आणि सगळे मला समजले होते त्यांचा चुलतभाऊ बाळाराम. जमिनीवरून कोर्टात गेल्यापासून कित्येक वर्षं त्याचं तोंडही कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यात माझा काळा चष्मा.

काय करू? गप्प राहून निसटता आलं असतं. पण तिनं हात सोडला नव्हता.

"वहिनी, मी बाळाराम नाही," मी म्हणालो. "मी कार्टूनमधला दुष्ट माणूस आहे."

याहून बरं वाक्य त्या क्षणी सुचलं नाही. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हात सोडत म्हणाली, "बोललात ते खरा हाय पन. बालाराम आला असता तर तो पन हेच बोलला असता."

त्याच पोरानं मला स्कूटरवरून खऱ्या हॉलवर सोडलं. तिथे खुर्च्या एकावर एक चढवणं चाललं होतं. सुलभावहिनी एकट्या बसल्या होत्या.

"सगळे गोड गोड बोलून गेले," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी थांबले. बोला काहीतरी."

मी तोंड उघडलं. जे होतं ते सगळं तिकडे सांडून आलो होतो. तीच वाक्यं पुन्हा म्हणायची लाज वाटली. मग म्हटलं, "वहिनी, मी चुकून दुसऱ्याच पाटलांसाठी रडून आलो."

त्या हसल्या. मला हुरूप आला. शत्रू, सासरे, दावा, मिशा, सगळं रंगवून सांगायला लागलो. त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे हलत होते. म्हटलं, वा, जमतंय. आणखी तिखटमीठ लावलं.

खुर्च्या उचलणारा माणूस शेवटी जवळ आला आणि माझ्या कानात म्हणाला, "साहेब, बस करा. बाई कधीच्या रडतायत."