भेटल्याशिवाय आकडा खोडायचा नाही

प्रा. केशवराव झाडे सरांची आणि माझी पहिली भेट प्रवेशाच्या टेबलावर झाली. वर्ध्याच्या आमच्या महाविद्यालयात उपयोजित गणित आणि सांख्यिकीच्या एम.एस्सी.ला नाव घालायला मी वडनेरहून एसटीने आलो होतो. सरांनी माझी गुणपत्रिका न पाहताच बाजूला ठेवली आणि विचारलं, "एसटीले किती वेळ लागला?"

"दीड घंटा."

"रोज दीडच लागते का?"

"नाई सर. कधी पावणेदोन, कधी दोन बी लागतेत."

"मंग दीड काऊन सांगतलं?"

सर म्हणाले, "महिनाभर रोज लिहून आणजो. मंग सांगू तुले, वडनेर किती दूर हाय ते."

मी खरोखरच महिनाभर घड्याळ पाहून लिहीत राहिलो. कंडक्टरला वाटलं मी तपासणी पथकातला आहे, तो मला खिडकीची जागा राखून ठेवू लागला. पुढे सरासरी, विचलन, आलेख हे सगळं आमचा वर्ग त्या एसटीवरच शिकला.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं आहे की लेख प्रसन्न असावा. सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांनी घडवलेले विद्यार्थी एकत्र येत आहेत, तेव्हा अपेक्षा रास्तच आहे. पण सरांनी उभा केलेला विभाग आज माझ्याकडे आहे आणि या उन्हाळ्यात तो बंद होतो आहे. मला प्रसन्न लिहिता येत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सर वर्गात प्रमाण मराठीत शिकवीत आणि वर्गाबाहेर वऱ्हाडीत बोलत. आमची सगळी पुस्तकं इंग्रजी होती. माझ्या वर्गात सुनंदा उईके होती. घरी गोंडी, गावात वऱ्हाडी, शाळेत मराठी आणि इथे येऊन इंग्रजी, अशी तिची चौथी भाषा चालू होती. पहिल्या चाचणीत ती नापास झाली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. सरांनी तिच्या गावी निरोप पाठवला आणि ती परत येईपर्यंत प्रतीपगमनाचं, म्हणजे रिग्रेशनचं, प्रकरण स्वतःच्या हाताने मराठीत लिहून काढलं. नंतर दर आठवड्याला एक प्रकरण. ते कागद सुनंदासाठी होते, पण त्यांच्या झेरॉक्सवर आमच्यानंतरच्या कितीतरी तुकड्या पास झाल्या. सुनंदा आज सरकारी नोकरीत आकडेवारीचंच काम करते. तिच्या कपाटात मूळ कागद आहेत आणि ती ते कुणालाही हात लावू देत नाही.

सरांचा एकच नियम आम्हाला जाच वाटायचा. माहितीच्या विश्लेषणात एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा निघाला, तर विद्यार्थी तो चूक समजून खोडतात. जगभर खोडतात. सरांकडे ती सोय नव्हती. आकडा जिथून आला तिथे जायचं, त्या माणसाला किंवा जागेला भेटायचं आणि मगच ठेवायचा की खोडायचा ते ठरवायचं. त्यासाठी विभागात एक जाडजूड वही होती, भेटवही. कोण, कधी, कोणत्या आकड्याला भेटून आलं आणि काय कळलं, ते तीत लिहावं लागे.

सुनंदा आणि मी शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी सिंदी रेल्वेच्या आसपासच्या विहिरींमधल्या पाण्याची खोली मोजली. मे महिना होता. सगळ्या विहिरी तळाला गेलेल्या आणि एका विहिरीत पाणी पार वर. मी ते माप खोडून टाकलं. मोजताना टेप अडकला असेल, असं स्वतःला पटवलं आणि आलेख कसा सुरेख आला. सरांनी तो सुरेख आलेख पाहिला, खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "या विहिरीले भेटला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने सर स्वतः आम्हाला घेऊन निघाले. स्टेशनवरून पुढे चार किलोमीटर पायी, डोक्याला उपरणं गुंडाळून. विहिरीत पाणी तेवढंच होतं. म्हणजे माझं माप बरोबर होतं आणि मला अजूनच काही कळेना. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. मी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी हो, नाही एवढीच उत्तरं दिली. मग सुनंदा त्यांच्याशी गोंडीत बोलली आणि बाई ओट्यावर बसल्या, हसल्या आणि आमच्यासाठी वऱ्हाडीत म्हणाल्या, "विहीर तं मार्चातच आटली. टँकरवाला हिच्यातच पाणी ओतून राह्यला न. आमची विहीर भरेल दिसली का समजायचं, गावात पाणी नाई."

सगळ्यात जास्त पाणी दाखवणारा आकडा सगळ्यात मोठ्या टंचाईचा होता आणि मी नेमका तोच खोडला होता. बाईंनी दिलेलं पाणी सर अर्धा पेला प्यायले आणि उरलेलं त्यांनी सुनंदाला दिलं. परतताना एवढंच म्हणाले, "मोजलं तू, पण इचारलं हिनं." ती ओळ मला भेटवहीत स्वतःच्या अक्षरात लिहायला लावली.

सर देवमाणूस आहेत असं कुणी या ग्रंथात लिहिलं असेल तर ते त्यांना आवडणार नाही. सर हट्टी आहेत. संगणक आल्यावरही पहिलं सत्र त्यांनी हातानेच आकडेमोड करून घेतली. उत्तर बरोबर पण पायऱ्या गाळलेल्या दिसल्या की कागद परत. त्यांच्या लाल पेनाला आम्ही घाबरायचो आणि आज मी स्वतः तसाच लाल पेन वापरतो, फक्त माझ्याकडे तपासायला कागद फारसे उरलेले नाहीत.

निवृत्तीनंतरही सर दर सोमवारी येत राहिले. माहिती विश्लेषणाचा तास त्यांचाच. समोर वीस मुलं असोत की तीन, दहाच्या ठोक्याला फळ्यावर तारीख पडलेली असे.

गेल्या वर्षी व्यवस्थापनाने माझ्याकडे अहवाल मागितला. येत्या काही वर्षांत एम.एस्सी.चे विद्यार्थी वाढतील का, एवढाच प्रश्न. जुन्या वर्षांचे प्रवेश मी ओळीने मांडले. संख्या थोडी खाली, थोडी वर. शेवटाकडचं एक वर्ष मात्र शून्याचं, टाळेबंदीचं. ते वर्ष धरलं की रेषा सरळ खाली जाते. ते गाळलं की ती जवळजवळ सपाट होते आणि विभागाला आणखी चार-पाच वर्षं मिळण्याइतका आधार तयार होतो. टाळेबंदीचं वर्ष अपवाद मानायला कुणाचीच हरकत नव्हती. मला तर ते गाळायचंच होतं. कच्चा अहवाल घेऊन मी सेवाग्राम रस्त्यावरच्या सरांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर त्यांची संमती मिळवायला गेलो.

सरांनी आलेख पाहिला. गाळलेली जागा त्यांना लगेच दिसली.

"त्या पोरायले भेटला का?"

"सर, टाळेबंदी होती. सगळं बंद होतं."

"ते मले बी माहीत हाय. भेटला का?"

त्या वर्षी अर्ज भरून न आलेल्यांची नावं कार्यालयात होती. मी एकेकाला गाठायला लागलो. कुणी पुण्याला, कुणी नागपूरला, त्यांच्याशी फोनवर बोललो. एक मुलगी हिंगणघाटला मोबाइलच्या दुकानात भेटली. तिच्या तोंडून टाळेबंदीच यावी म्हणून मी प्रश्न तीनदा फिरवून विचारला. हे सरांनी पाहिलं असतं तर मला वर्गाबाहेर काढलं असतं.

ती शेवटी वैतागून म्हणाली, "नाई सर, बंद नसतं तरी मी आली नसती. डेटाचं सगळं मोबाइलवर तीन महिन्यात शिकवतेत. दोन वर्ष विहिरी मोजून काय करू?"

बाकीच्यांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. शून्य खरं होतं. टाळेबंदीने ते फक्त झाकलं होतं. सगळीकडे डेटा, डेटा म्हणून ओरड चाललेली असताना ते काम नीट शिकवणारा जिल्ह्यातला आमचा वर्ग ओस का पडला, याचं उत्तर मला मिळालं आणि ते नको होतं. मी ते वर्ष रेषेत ठेवलं. भेटवहीत नोंद केली. रात्रंदिवस मनात येत राहिलं की एक आकडा गाळला असता तर विभाग वाचला असता. आजही येतं.

अहवाल पाठवण्याआधी सरांना दाखवला. त्यांनी चष्मा बदलून तो पहिल्यापासून वाचला. कारणांमध्ये मी लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांची अनास्था'. त्यावर लाल रेघ आली. "हे कुठं मोजलं?" मी म्हणालो, मोजलं नाही. "मंग काढ. पोरं वाईट नाईत." शेवटच्या पानावर, जिथे विद्यार्थीसंख्या वाढण्याची शक्यता दिसत नाही असं वाक्य होतं, तिथे त्यांनी लाल पेन पुन्हा उचलला. मला वाटलं, आता ते म्हणतील की गजानन, राहू दे, गाळ ते वर्ष. त्यांनी तसं म्हणावं अशी मी मनोमन याचना करत होतो. त्यांनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि वर्गातल्या प्रमाण मराठीत म्हणाले, "बरोबर आहे."

विभाग त्या अहवालावर बंद होतो आहे. मी लिहिला आहे तो. आता शेवटची दोन मुलं आहेत, त्यांची परीक्षा झाली की खोली दुसऱ्या कुणाला जाईल. सर अजून येतात, दोघांना तितक्याच आवाजात शिकवतात. परवा तास संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि कधी नव्हे ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "जूनपासून सोमवारी मी काय करू रे?"

मी त्यांच्याकडे पीएच.डी. केली आहे. मी फळ्यावरची तारीख पुसायला लागलो.

प्रथेप्रमाणे आता मी सरांना उदंड, निरोगी आयुष्य चिंतायला हवं आणि ते मी अगदी मनापासून चिंततो. त्यांचे गुडघे टिकोत, डोळे टिकोत, ते शंभरी पार करोत. फक्त हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण ती सगळी वर्षं मी त्यांच्यासाठी मागतो आहे आणि त्या वर्षांतला एकही सोमवार मी त्यांच्यासाठी ठेवलेला नाही.