भोंगाबाईचं नवं इंजिन

धक्क्यावरची माणसं तिला भोंगाबाई म्हणायची, अर्थात ती समोर नसताना. उभं आयुष्य टू-स्ट्रोक इंजिनाच्या शेजारी बसून या काठाची माणसं त्या काठाला पोचवण्यात गेलं, आणि त्या कर्कश इंजिनानं तिचा डावा कान कधी खाल्ला ते तिचं तिलाही कळलं नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशीही ती पलीकडच्या काठाला हाक मारल्यासारखी बोलायची. आता डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, हे इंजिन ठेवा नाहीतर उजवा कान.

म्हणून जावयानं दुकानातून एक फोर-स्ट्रोक इंजिन दिवसभरापुरतं आणलं होतं, चालवून बघायला. आवाज कमी, पेट्रोल कमी पितं, पेट्रोलात तेल कालवायची कटकट नाही, असं तो सकाळपासून सांगत होता. ती ऐकून घेत होती, पण मनातून तिचा ठाम विरोध होता. ती होडी चालवायची ती कानानं. पंख्याला शेवाळ अडकलं, खाली वाळू आली, सगळं तिला इंजिनाच्या ओरडण्यातून समजायचं. मुकं इंजिन काय सांगणार?

हातगाडीवरून उतरवतानाच तिनं तोंड सोडलं, हे इंजिन आहे की म्हैस. मग खांदा लावून तिनं ते होडीत आडवं केलं, जुनं करायची तसंच, हाताला येईल त्या कुशीवर, आणि जरा दम खाल्ला. या इंजिनाच्या पोटात तेल असतं, एकाच कुशीवर ठेवायचं, हे दुकानदारानं जावयाला बजावलं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण सगळा धक्का बघत होता. चारचौघांत सासूची चूक कोण काढणार? तो गप्प बसला.

होडीच्या मागच्या टोकाला बसवून चालू करताच इंजिनानं जुन्यासारखाच निळा धूर ओकला. ती हसली, म्हणाली, हे तर आपल्यातलंच निघालं.

खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढ घेत होतं. ती इंजिनाची मूठ धरून लाटांकडे बघत होती. जावई पुढून काहीतरी ओरडला, ते वाऱ्यानं नेलं. मग पलीकडच्या काठावरचा खांब हळूहळू बाजूला सरकायला लागला. होडीचं तोंड आपोआप फिरत होतं. तिनं इंजिनाच्या टोपणावर तळवा टेकवला. थरथर नव्हती. इंजिन केव्हाच बंद पडलं होतं आणि ती मेलेली मूठ धरून बसली होती.

 पाणी ओढत होतं तिकडे वाळूच्या उंचवट्यावर लाटा पांढऱ्या फुटत होत्या. तिनं दोरी ओढली, पुन्हा ओढली. इंजिन नुसतं खोकलं.

जावई रांगत मागे आला आणि तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "आई, आपण चुकीच्या कुशीवर ठेवलं. आतलं तेल वर प्लगपर्यंत चढलंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं मान खाली घातली.

लग्नापासून तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "मग बोलला का नाहीस रे गाढवा?"

 तिनं वल्हं उचललं आणि होडीचं तोंड लाटांकडे धरून ठेवलं. आडवी लाट बसली तर दोघंही पाण्यात. खांदे भरून आले, तरी तिनं मागे बघितलं नाही. त्यानं प्लग काढले, दोरी ओढून ओढून आतलं तेल बाहेर थुंकवलं, सदरा काढून प्लग पुसले. ओल्या बोटांतून पाना निसटत होता. लाटांचा फेस आता होडीच्या फळीवर उडत होता.

अचानक वल्हं हलकं लागलं. तिनं वळून पाहिलं, तर पंख्यामागचं पाणी उकळत होतं.

"चालू झालं?" तिनं विचारलं.

जावयानं मान डोलावली आणि नजर चुकवली. इंजिन तिच्या पाठीमागे हातभरावर चालू होतं.

होडी शांत पाण्यात आली. आता आई हे इंजिन परत पाठवणार, अशी त्यानं मनाची तयारी केली होती. ती उठली, तोल सांभाळत पुढच्या फळीवर जाऊन बसली.

"हेच ठेवा," ती म्हणाली. "मूठ तुमच्याकडे. लाटा मी इथून हातानं दाखवीन."

"आई, सवय झाली की तुम्हीच..."

"झाली तर बघू. पण यापुढे माहीत असून गप्प बसलात, तर जिथं असू तिथं पाण्यात उतरवीन."

हे मात्र पार धक्क्यापर्यंत ऐकू गेलं.