शंभराची फिल्म

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीही सांगेल. मग एवढं एकच कसं राहिलं?

मुलुंडला माझ्या घरी दर रविवारी चार-पाच जण फिल्मवर फोटो काढायला शिकायला येतात. सगळे मोबाईलवर वाढलेले. त्यातला एक जण हमखास विचारतो, सर, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तुमची आवडती फिल्म कोणती? मी म्हणतो, चारशे स्पीडची. कमी उजेडात चालते, फोटोत दाणा जरा जाड येतो, पण माणूस जिवंत वाटतो. आणि शंभराची? तिचं नावच काढू नका, तिने मला एकदा दगा दिलाय. मग तो किस्सा सांगतो. किस्सा रंगतो. पुढच्या रविवारी सगळे चारशेची घेऊन येतात.

किस्सा खोटा आहे. म्हणजे — पूर्ण खोटा असता तरी चाललं असतं.

आमच्या शेजारी परबकाका राहायचे. उमेदीची वर्षं गिरणीत गेली, म्हातारपणी अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडली. एके दिवशी काकी दारात आली. "ह्यांचो एक बरो फोटो काढ रे. भिंतीर लावचो हा."

दुपारी गॅलरीत लख्ख ऊन होतं, म्हणून शंभराची भरली. बोलता बोलता भरली. मोबाईलच्या फोटोत जीव कसा नसतो, यावर माझं प्रवचन चालू होतं ना! काकांची मुलगी मेघना मालाडहून आली होती. तिने मोबाईल वर धरला, तर मी म्हणालो, "ठेव गं तो. आधी फिल्मवरचा बघ, मग बोल." तिने तो पर्समध्ये टाकला.

काका इस्त्रीचा सदरा घालून आले. काठी काकीकडे दिली, कठडा धरून उभे राहिले आणि हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

चौथ्या फोटोला माझी नजर कॅमेऱ्याच्या डाव्या कळीवर गेली. आत फिल्म सरकली की ती कळ फिरते. ती फिरत नव्हती. फिल्मचं टोक आतल्या दांडीत अडकलंच नव्हतं, कॅमेरा नुसता खटखट करत होता. नवशिक्याची चूक. मागचं झाकण उघडून पुन्हा भरायला दोन मिनिटं पुरली असती. मी काय केलं? आणखी आठ फोटो काढले. "काका, हनुवटी जरा वर," असंही म्हणालो. त्यांचे पाय थरथरत होते आणि मी त्यांना उभं ठेवलं — कशासाठी? मेघनासमोर "चुकलो" म्हणायची लाज वाटली म्हणून.

त्याच आठवड्यात काका गेले.

काकीला सांगितलं, फिल्मच खराब निघाली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुजो काय दोष, झिला?" त्या हाताखाली तरी बोलायचं होतं. नाही बोललो.

भिंतीवर आता आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो आहे. त्यात काका घाबरल्यासारखे दिसतात. कुणी विचारलं की काकी सांगते, शेजाऱ्याने बारा फोटो काढले होते, फिल्म फसवी निघाली. माझी बाजू ती घेते, अजून.

तो रोल मी जपून ठेवला होता. गेल्या महिन्यात नीट भरला, गॅलरीत जाऊन पूर्ण संपवला आणि घरीच धुतला. एकूण एक फोटो स्वच्छ आला. कठडा, वाळत घातलेले कपडे, काकीच्या दाराशी टेकवलेली काठी. फिल्ममध्ये काहीच दोष नव्हता.

परवाच्या रविवारी एका नव्या मुलीने विचारलं, सर, तुमची आवडती फिल्म कोणती?

मी म्हणालो, चारशेची. आणि किस्सा सांगितला.