दुसऱ्यानं बांधायचा पट्टा

जुन्या जालन्यातल्या शाळेच्या मैदानावर मी सकाळी फिरायला जायचो. तिथं एक कुटुंब तायक्वांदोचा सराव करायचं. आई, बाप, मुलगा, मुलगी, चौघंही पांढऱ्या कपड्यांत. आई मंगळसूत्र आत खोचून अशी लाथ उचलायची, की मी चालायचं विसरायचो. स्पर्धेलाही चौघं एकाच रिक्षातून जायची.

सरावाआधी ते एकमेकांच्या कमरेचे पट्टे बांधायचे. बाप मुलाचा, मुलगा बहिणीचा, ती आईचा आणि आई बापाचा. गाठ बसली की आई त्याच्या पोटावर एक थाप मारायची. मग तो हलायचा.

पुढं मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. दोघंच येत राहिली. एका दिवाळीनंतर त्या मुलांची आई वारल्याचं शाळेच्या शिपायाकडून कळलं. त्यांची नावं मी कधी विचारली नव्हती, आणि आता कोणत्या तोंडानं विचारणार?

काही दिवसांनी बाप एकटाच आला. पट्टा हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडं आला.

"भाऊ, एवढी गाठ मारून देता का?"

"तुम्हाला येत नाही बांधता?"

"येती की, बराबर येती. पर आमच्या घरात सोताचा पट्टा सोता कुणी बांधत न्हाई."

मी बुटाच्या नाडीसारखी कशीबशी गाठ मारली. तरी तो हलेना. खाली गाठीकडं बघत राहिला. मला थाप आठवली, पण हात उचलवेना.

शेवटी त्यानंच आपल्या हातानं पोटावर हळूच थाप मारली आणि रिकाम्या मैदानात गेला.